घोडं पेंड खातं

मलकापुरात ढेप घ्यायला येणारं गिऱ्हाईक नेहमी घोड्यावर बसून येतं. बाहेर मोटारसायकल उभी असो की बैलगाडी, घाई मात्र घोड्यावरचीच. कारण घरी म्हैस पान्हवायची वेळ झालेली असते. आणि आमच्या आबांच्या दुकानाची पायरी चढताच त्याला पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं : "थांब बाप्पा जरा. घोड्याचा कान ओला आहे."

आत गल्ल्यावर आबा बसलेले असतात. अंगात बनियन, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर घड्याळजी लावतो तसलं भिंग आणि डाव्या हातात खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली. बाटलीच्या बुचावर फेविक्विकच्या थेंबानं घोडा उभा केलेला असतो. खुरापासून कानापर्यंत माझ्या अंगठ्याएवढा. उजव्या हातातल्या ब्रशाला मोजून आठ-दहा केस. त्यातला कामाचा एकच, बाकीचे त्याच्या सोबतीला, असं आबांचं म्हणणं. पाठीमागे सरकीच्या ढेपेची थप्पी. (ढेप म्हणजे तुमच्याकडची पेंड. आम्ही वऱ्हाडातले लोक तिला ढेप म्हणतो.) समोर वजनकाटा, काट्यावर पाच किलोचं वजन आणि त्या वजनावर वाळत ठेवलेला नेपोलियनच्या पाचव्या हुसार रेजिमेंटचा एक स्वार. म्हणजे आबांकडून ढेप तोलून घ्यायची तर आधी फ्रान्सचं सैन्य हटवावं लागतं. युरोपातल्या राजेलोकांना त्या कामाला वीस-बावीस वर्षं लागली होती. माझी एकच म्हैस आहे, पण दर आठवड्याला तिच्यापायी मी हे युद्ध लढतो.

आबांसारखा माणूस गावात एकच असतो, पण तो प्रत्येक गावात असतो. कुठे तो काड्यापेट्यांचे छाप जमवतो, कुठे जुने रेडिओ उघडून बसतो. ही जात ओळखायला सोपी. विचारलं नाही तरी सांगते आणि विचारलं तर दुरुस्त करते. "आबा, हे नेपोलियनचे शिपाई ना?" म्हटलं की, "शिपाई पायी चालतो. हे स्वार." "बरं, स्वार." "कोणते स्वार? हुसार, ड्रॅगून, लान्सर, का छातीवर पोलादी चिलखतवाले?" आपण निमूटपणे ढेपेचे पैसे काढावेत. हुसार हा शब्द आमच्याकडे 'हुशार' असाच ऐकू जातो. त्यामुळे आबा रोज हुशार लोकांची चित्रं रंगवतात असा समज निम्म्या बाजारपेठेत आहे, आणि आपला नंबर कधी लागतो याची काही जण वाट पाहत आहेत.

या खुळाचं मूळ दिवाळीच्या किल्ल्यात आहे. सात वर्षांपूर्वी पुण्याचा पुतण्या पोरांना घेऊन दिवाळीला आला. त्यानं किल्ल्यावर मांडायला मातीच्या मावळ्यांऐवजी परदेशी घोडेस्वारांचं एक खोकं आणलं होतं. पोरांनी दोन दिवसांत किल्ला सोडून मोबाइल हाती घेतला. पाडव्याला पाहुणे गेले आणि खोकं राहिलं. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या. चौकटीला कुठे घोड्याचं अर्धं अंग लटकलेलं, कुठे तलवारीसकट हात, कुठे नुसतीच डोकी. आबा लहानपणी किल्ले करणारे. पण त्यांच्या वेळच्या मावळ्याचा एक डोळा कपाळात, दुसरा गालावर. इथे तर बोटाच्या पेरावर मावणाऱ्या माणसाला नाकपुड्यासुद्धा होत्या. आबांनी कॅम्लिनचे रंग आणले आणि एक स्वार रंगवला. काकूंनी कौतुक केलं. मग आबांनी खोक्यावरचं चित्र नीट पाहिलं तेव्हा टोपीवरच्या तुऱ्याचा रंग चुकल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. माणूस हातचा गेला तो त्या क्षणाला. नुसती आवड असलेला माणूस परत येऊ शकतो. पण चूक कळलेला येत नाही.

आता त्यांची सगळी रीत ठरलेली आहे. चौकटीतून तुकडे कापायचे ते नेलकटरनं. जोडल्यावर अस्तर मारायचं ते मोटारगाडीला मारतात त्या करड्या प्रायमरचं, गच्चीवर नेऊन. आणि इथे मलकापूरची हवा नेपोलियनच्या विरोधात उभी राहते. मे महिन्यात फवारा घोड्यापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि घोड्याच्या अंगावर पॉलिश पेपर उगवतो. पावसाळ्यात वरचं वार्निश दुधी पडतं, हुसार मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. दिवाळीनंतर हवा सोन्यासारखी. पण तेव्हा जिनिंग चालू झालेलं असतं आणि गावभर रुईचे तंतू उडत असतात. त्यातला एक नेमका ओल्या मिशीवर बसतो आणि पंचविशीतला स्वार सत्तरीचा होतो. आबांच्या हिशेबानं नेपोलियनचं घोडदळ रंगवायला योग्य असे वर्षाकाठी सव्वीस दिवस मिळतात. त्यातले अकरा लग्नांच्या तिथींत जातात.

रंग वाळू नये म्हणून जेवणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंगांचे थेंब. एकदा तो डबा फ्रीजमध्ये गेला आणि पुतणसुनेनं गुळांब्याचा समजून उघडला. आतला निळा पाहून ती किंचाळली, तर आबा पडवीतून म्हणाले, "झाकण लाव, प्रशियाचा निळा आहे तो, फ्रान्सचा नाही."

घोड्यांच्या बाबतीत मात्र आबांचा अधिकार आमच्या इथलाच आहे. त्यांचे वडील बाजाराला घोडीवरून जायचे, त्यामुळे घोड्यांच्या रंगांची नावं त्यांच्या जिभेवर आहेत. कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी. पण आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. सुरंगाला काळं कुठेच नाही, आयाळसुद्धा अंगाच्याच रंगाची. मुश्की काळाभोर. सब्जा करडा-पांढरा. अबलख ठिपक्या-पट्ट्यांचा. तोंडावर पांढरा पट्टा आणि चारी पाय पांढरे तो पंचकल्याणी, शुभ. एका पथकात सगळे कुमैत असले तरी तुतारीवाल्याला सब्जा द्यायचा आणि त्याच्या कपड्यांचे रंग उलटे करायचे, हा त्या काळातला रिवाज. कारण धुरात साहेबाला तुतारीवाला चटकन सापडला पाहिजे. हे सांगून झाल्यावर आबा आपल्याकडे अशा नजरेनं पाहतात, की तुम्ही आत्तापर्यंत तुतारीवाला न ओळखता कसे काय जगलात?

काकूंचं दुखणं वेगळं आहे. हुसाराच्या अंगात वेण्या-वेण्यांचा एक तंग डगला असतो आणि दुसरा, केसाळ काठाचा, नुसता डाव्या खांद्यावर लटकवलेला. पाचव्या रेजिमेंटचा आतला आकाशी, खांद्यावरचा पांढराशुभ्र. काकू म्हणतात, "मलकापूरच्या उन्हात हे सोता बनियनवर, आन त्या पोट्ट्याले दोन दोन डगले. त्यातला एक पांढरा. लढाईले कोण जाते पांढरं घालून? धुनारी बाई मिळत असन त्यायले."

गिऱ्हाइकांची गोष्ट आणखी निराळी. थांबायचंच आहे म्हटल्यावर ती ऐकतात, आणि ऐकल्यावर मत देतात. एका आषाढात मी तिथे होतो. आबा वॉटर्लू सांगत होते. १८ जून १८१५. आदल्या रात्री धो धो पाऊस. सकाळी नेपोलियननं हल्ला पुढे ढकलला, जमीन सुकायची वाट पाहिली, तोफा सुरू व्हायला साडेअकराच्या सुमार झाला. आणि संध्याकाळी प्रशियाचं सैन्य येऊन ठेपलं. वेळ गेला, राज्य गेलं. पोत्यावर टेकलेला एक शेतकरी शांतपणे म्हणाला, "वापसाच नसन न मंग. अशात डवरा चालत नाही, तोफा कायच्या चालतीन?" या लढाईवर युरोपात ग्रंथांची कपाटं भरली आहेत, तो सगळा मामला आमच्या काळ्या मातीतल्या माणसानं एका शब्दात उरकला. वापसा नव्हता.

मग आबा मार्शल नेवर आले. नेनं दुपारभर घोडदळ पुन्हा पुन्हा इंग्रजांच्या पायदळावर घातलं. इंग्रज चारी बाजूंना संगिनी रोखून चौकोन करून उभे. घोडा संगिनीवर जात नाही, तो बाजूनं फिरतो. वाटेतल्या तोफा मात्र फ्रेंचांच्या हाती आल्या होत्या; गोलंदाज पळून चौकोनात शिरले होते. त्या तोफांच्या कानात खिळे ठोकले असते तर त्या मुक्या झाल्या असत्या. ठोकले नाहीत. स्वार मागे वळले की गोलंदाज बाहेर येऊन पुन्हा बत्ती देत. इथे आबांचा आवाज दर वेळी कातर होतो. "समोर हार्डवेअर आहे ना आपल्या? तिथून अर्धा किलो खिळे नेले असते तर आज जग वेगळं असतं." शेतकरी उठला, ढेप खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "म्हंजे जिनसांची यादी नव्हती केली त्यानं."

तुम्ही विचाराल, हे सैन्य लढतं केव्हा? कारण ही चित्रं शोकेससाठी नसतात, ती खेळायची असतात. टेबलावर मैदान मांडायचं, पट्टीनं अंतर मोजायचं, फाशांनी जय-पराजय ठरवायचा. प्रशियात राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये असा खेळ लष्करी शिक्षणासाठी बसवून दिला. 'टाइम मशीन' लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर पुस्तकच काढलं. आणि घोडा पटावर नाचवण्याची कल्पना तर आपल्या चतुरंगाची, त्याला त्यांचं काय कौतुक? पण आबांच्या एकशे त्रेचाळीस घोड्यांनी आजवर एकच लढाई पाहिली, आणि ती माझ्याशी.

ती अशी. आबांच्या पडवीत पलंगाच्या फळ्या मांडल्या. नळगंगेची चाळलेली वाळू पसरली. तोफांच्या धुरासाठी कापूस. त्याचा आमच्याकडे तुटवडा नाही. मोजायला काकूंच्या शिलाई मशीनवरची टेप, फासे ल्यूडोतले. बुद्धिबळात घोडा अडीच घरं जातो, इथे आठ इंच, चढावर पाच. मी इंग्रज होतो. पण इंग्रज रंगवलेले नव्हते, आणि आबांचा बाणा असा की बिनरंगाचं सैन्य मैदानात उतरवणं म्हणजे माणसं उघडी आणून उभी करणं. शेवटी तोड निघाली : इंग्रजांच्या पायदळाच्या चौकोनांच्या जागी ढेपेचे तुकडे ठेवायचे. पाच चौकोन मांडले. हुसार, लान्सर, चिलखतवाले असं अख्खं घोडदळ झळाळत पुढे सरकलं, ढेपेपाशी आलं आणि अडलं. फाशावर सहा पडेना. घोडं कुठे पेंड खातं असं आपण आयुष्यभर बोलत असतो. मी ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

आबा फासा हातात घोळवत नियम आठवत होते, एवढ्यात शेजारची शेळी पडवीत आली आणि तिनं उजवीकडचे दोन चौकोन खाल्ले. वॉटर्लूला मार्शल नेला एकही चौकोन फोडता आला नव्हता. मी नियमाप्रमाणे हार कबूल केली. आबा मात्र विजयाकडे बघतच नव्हते. शेळीच्या धक्क्यानं सातव्या घोड्याच्या कानाचा टवका उडाला होता आणि ते जमिनीवर ओणवे होऊन कान शोधत होते. त्या दिवसापासून त्यांच्या फौजेला कायमची शांतता आहे. बटणं रंगवणाऱ्या माणसाच्या हातात जगातली सगळी सैन्यं दिली तर लढाया बंद पडतील, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. कोणीही आपला घोडा बाहेर काढणार नाही.

आणि हे असंच चाललं असतं. पण नेपोलियननं इजिप्तहून आणलेल्या मामलुक स्वारांचं एक पथक आबांनी रंगवलं : डोक्याला पागोटं, घोळदार विजार, कमरेला वाकडी तलवार. ते काट्यावर वाळत असताना एका गिऱ्हाइकानं उचलून पाहिलं, पहिल्यांदाच खूश झालं आणि विचारलं, "हा आपला वाटते. आबा, आपले कुठी हायेत याच्यात?"

आबा गप्प झाले. मग दोन दिवस पुस्तकांत बुडून तिसऱ्या दिवशी वर आले ते असे तापलेले, की ढेपेची पाटी सरळ बाजूला सरली. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन त्याच्या बारा वर्षं आधी आपल्याच अंगणात लढला होता. तेव्हा त्याचं नाव आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ला भोकरदनजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी, २९ नोव्हेंबरला अकोटकडच्या अडगावला, १५ डिसेंबरला गाविलगडावर. १७ डिसेंबरला देवगावचा तह. नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. मलकापूर त्याच पश्चिमेला. "म्हणजे," आबा म्हणाले, "मी सात वर्षं दुसऱ्याच्या घरचे घोडे खरारत बसलो."

असईची गोष्ट दुकानात तुफान चालली. वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाडे म्हणाले, उतार नाही. त्यानं पाहिलं की दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत. म्हणजे मधे उतार असलाच पाहिजे. या हुशारीचं इंग्रजांना आजही कौतुक. म्हातारपणी त्याला तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती विचारलं, तर त्यानं वॉटर्लू न सांगता असई सांगितलं म्हणतात. दुकानातलं मत असं पडलं : "नदीच्या दोन्ही अंगाले गावं हायेत म्हंजे उतार असनच. हे समजाले इतक्या दुरून येऊन जनरल व्हाव लागते काय?"

रघुजींची आणखी एक गोष्ट आबांना भलतीच भावली. अडगावनंतर तीनच वर्षांनी, १८०६ मध्ये, त्यांनी लहान मुलांसाठी लाकडी बैलांचा तान्हा पोळा सुरू केला असं नागपूरकर सांगतात. "पाहा," आबा म्हणाले, "मुलूख गेला की राजासुद्धा खेळण्यांकडे वळतो." आतून काकू म्हणाल्या, "तुमचा कोनता मुलूख गेला?"

तर आबांनी भोसल्यांचं घोडदळ रंगवायला घेतलं, आणि खरं घोडं पेंड खाल्लं ते इथे. मराठा शिलेदाराला गणवेशच नाही! तो घरचा घोडा आणतो, घरचं हत्यार आणतो आणि घरातलं असेल ते अंगावर घालतो. पागोट्याचा रंग कोणता? त्याच्या मर्जीचा. अंगरखा? असेल तो. सगळे घोडे कुमैत? छे, ज्याच्या दावणीला जो असेल तो. नियमांचं पुस्तक नाही, म्हणजे चूक करता येत नाही. आणि चूक करता येत नसेल तर आबांना जीव मुठीत धरून ब्रश चालवायचा कशासाठी? तीन आठवडे पहिला स्वार बाटलीवर करडाच्या करडा उभा होता. गिऱ्हाइकांना ढेप वेळेवर मिळू लागली. गावाला काळजी वाटू लागली.

तोड पुन्हा काट्यापाशीच निघाली. एका संध्याकाळी मोताळ्याकडचा एक म्हातारा ढेप तोलून घेत होता. डोक्याला उन्हानं विटलेलं, कडेला अजून लाल राहिलेलं पागोटं. आबांनी भिंग खाली ओढलं. "जरा वळ बाप्पा. उजेडाकडे. मान खाली." म्हातारा वळला. अर्ध्या तासानं भोसल्यांच्या पहिल्या शिलेदाराच्या डोक्यावर तेच पागोटं होतं, घडीतल्या मळासकट. घोडा दिला सब्जा, आबांच्या वडिलांच्या घोडीचा.

तेव्हापासून थांबण्याबद्दल कोणी कुरकुरत नाही. उलट लोक दाढी करून येतात. कोणी म्हणतो, मिशी जरा भरून काढा. कोणी म्हणतो, मले पंचकल्याणीच पायजे. आबांचं पुस्तक हरवलं, पण त्याच्या जागी रोज चाळीस पुस्तकं पायरी चढतात आणि प्रत्येक जण आपलंच पान खरं म्हणून सांगतो. चुका काढायला माणसं मिळाली, त्यामुळे आबांची तब्येत सुधारली आहे.

नियम मात्र त्यांनी एक केलाच. मराठ्यांच्या फौजेत स्वार दोन जातींचे : घरचा घोडा आणणारा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. आबांनी वही उघडली. ज्याची उधारी चुकती, तो शिलेदार. मनाजोगता घोडा मागायचा हक्क त्याचा. बाकी सगळे बारगीर; दिला तो घोडा मुकाट्यानं घ्यायचा. या एका कलमानं दुकानाची जितकी वसुली झाली तितकी पाच वर्षांत झाली नव्हती, असं खुद्द काकू सांगतात.

आजवर नऊ स्वार झाले आहेत. नववा परवा पाच किलोच्या वजनावर वाळत होता. नाक थेट माझं आहे, टक्कलसुद्धा पागोट्याखालून ओळखू येतं. माझ्याकडे ढेपेचे चारशे साठ रुपये बाकी आहेत. घोडा सरकारी आहे, आणि त्याला एक कान नाही.